मोरीचं पाणी मोजायला इंजिनिअर कशाला?

पत्र

ताई, मी बारावी सायन्सला आहे, ए ग्रुप. राहायला बडोद्यात मांजलपूरला. मला एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग करायचं आहे. बाबा नंदेसरीला डाय इंटरमीडिएटच्या (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनांच्या) कंपनीत प्रॉडक्शनला आहेत. ते म्हणतात, "आमच्याकडे ज्याचं प्लँटवर जमत नाही त्याला ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर) टाकतात. तू फी भरून तिथेच जायचं म्हणतेस?" आई म्हणते कॉम्प्युटर घे, घरी बसून काम करता येईल. आजी विचारते, मोरीचं पाणी मोजायला इंजिनिअर कशाला व्हायला हवं? मला केमिस्ट्री खूप आवडते, मॅथ्स ठीक, फिजिक्स रडतखडत. शाळेच्या इको क्लबमध्ये बरीच झाडं लावली आहेत. २०२४च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं होतं. ते ओसरल्यावर नळाचं पाणी प्यायचं की नाही हे नक्की कोण ठरवतं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. या शाखेला नोकऱ्या आहेत का? अहमदाबादला एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजला जाऊ, की इथेच एम. एस. युनिव्हर्सिटीत सिव्हिल किंवा केमिकल घेऊ?
— ऋ., बडोदे

उत्तर

प्रिय ऋ.,

तुझ्या पत्रात दोन आवडी आहेत आणि तू त्या एकाच खात्यात जमा केल्या आहेस. झाडं लावणं चांगलंच, लावत राहा. पण या शाखेची चार वर्षं झाडांत जात नाहीत. पाइपातून पाणी किती वेगाने जाईल, टाकीत ते किती तास थांबवायचं, तळाशी गाळ किती साठेल, चिमणीचा धूर वारा कुठे नेऊन टाकेल, याची गणितं करण्यात जातात. इको क्लबच्या ओढीने आलेली मुलं फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर पाहून हिरमुसतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. म्हणून फिजिक्सबद्दल आधीच सांगते. प्रकाशाचा धडा कच्चा राहिला तर चालेल. दाब, प्रवाह, पंप हा भाग मात्र टाळता येणार नाही, मग नाव एन्व्हायर्नमेंटल असो, सिव्हिल असो की केमिकल. तेवढा भाग बारावीच्या सुट्टीत नव्याने करून घे.

तुझी दुसरी आवड मला जास्त महत्त्वाची वाटते. नळाचं पाणी कोण ठरवतं, हा प्रश्न ज्या मुलीच्या डोक्यातून दोन वर्षं जात नाही, तिने या क्षेत्राचा विचार जरूर करावा.

त्या प्रश्नाचं उत्तर असं. आपल्या शहराला पाणी मिळतं ते मुख्यतः आजव्याचं आणि महीचं. आजवा सयाजीराव महाराजांच्या काळातला तलाव. तिथलं पाणी निमेट्याला शुद्ध होऊन शहरात येतं. महीकाठी फाजलपूर, रायका, दोडका, पोयचा इथे फ्रेंच वेल आहेत. नदीच्या पात्रात खोल विहीर आणि तिच्या तळाशी वाळूत चहूबाजूंना आडवे घातलेले भोकांचे पाइप. पाणी वाळूच्या जाड थरातून झिरपत आत येतं, म्हणजे निम्मं गाळून वाळूच देते. त्यानंतर क्लोरीन. वाटेतल्या पाइपांत घाण शिरली तरी तिला पुरून उरेल इतकं क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत टिकायला हवं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम धरलं आहे. पुरात खरा धोका असतो पाइपातला दाब जाण्याचा. पंप बंद, लाइन रिकामी, भोवती गटाराचं पाणी, आणि एखादा सांधा सैल असला की ते पाणी आत ओढलं जातं. मग पहिलं पाणी सोडून द्यायचं, क्लोरीन वाढवायचं, टोकाच्या घरांतून नमुने घ्यायचे, त्यांत कॉलिफॉर्म जिवाणू (मैला मिसळल्याची खूण) आहेत का ते तपासायचं, आणि तोवर लोकांना उकळून प्या म्हणून सांगायचं. हे ठरवणारं माणूस इंजिनिअर असतं. पुष्कळदा त्याला ते अपुऱ्या माहितीवर, मध्यरात्री ठरवावं लागतं.

त्या पुरात विश्वामित्री नदीच्या मगरी सोसायट्यांमध्ये आल्या होत्या, ते तू पाहिलंच असशील. मगरी जगताहेत म्हणजे नदी ठीक आहे असं बरेच जण मला सांगतात. मगर हवेतून श्वास घेते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपला तरी तिचं चालतं. माशांना मात्र लिटरला चारेक मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणून नदीची तब्येत मगरीवरून ठरवायची नसते, ती पाण्यात मोजावी लागते. असला फरक कळला की मन खूश होतं का, ते स्वतःला विचार. होत असेल तर आठव्या सेमिस्टरपर्यंत टिकशील.

आता बाबा. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण ते खरं आहे. पुष्कळ कंपन्यांत ईटीपी कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात असतो, बजेटमध्ये शेवटी असतो, आणि तिथे माणूसही उरलासुरला पाठवतात. माल विकला जातो, सांडपाणी विकलं जात नाही, एवढं साधं कारण. पण बाबा ज्या पट्ट्यात काम करतात तिथेच हे चित्र पालटायला लागलं आहे. कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी सुमारे ५६ किलोमीटर लांब नेऊन सारोदजवळ खंभातच्या आखातात सोडणारा बडोद्याचा एफ्लुएंट चॅनल १९८३पासून चालू आहे. तेव्हा असं काही बांधणं मोठीच गोष्ट होती. पण चॅनलने पाणी लांब जातं, नाहीसं होत नाही. त्याच्या काठच्या पादरा-जंबुसरकडच्या गावांची विहिरी-बोअरच्या पाण्याबद्दलची तक्रार जुनी आहे. आपल्या गुजरातच्याच पर्यावरण सुरक्षा समितीने हा सगळा विषय सुप्रीम कोर्टात नेला, आणि २२ फेब्रुवारी २०१७ला निकाल आला: ज्या कारखान्याला सांडपाण्यावर प्रक्रिया करायची गरज आहे, त्याची ती यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालवता येणार नाही. आज मोठ्या कारखान्यांच्या आउटलेटवरच्या मीटरचे आकडे थेट प्रदूषण बोर्डाकडे जातात. बाबांना एकदा विचार, ईटीपीची टाकी भरली म्हणून कधी बॅच थांबवावी लागली का? आणि तेव्हा प्रॉडक्शन मॅनेजर कोणाच्या टेबलाशी उभा होता?

शिवाय बाबांच्या कारखान्याचं सांडपाणी सोपं नाही. एच-ॲसिडसारख्या मालाची मदर लिकर, म्हणजे माल काढून घेतल्यावर उरलेलं पाणी, त्यांनी पाहिली असेल: आम्ल, मीठ आणि रंग, सगळं एकदम. ती सरळ जिवाणूंच्या टाकीत सोडली तर टाकी मरते. इथे तुझी केमिस्ट्री कामाला येते. सांडपाण्यात जळण्यासारखं एकूण किती आहे ते कळायला सीओडी काढतात, डायक्रोमेट आणि आम्लात दोन तास १५० अंशांना उकळून. त्यातलं जिवाणूंना किती खाता येईल ते कळायला बीओडी, २७ अंशांना तीन दिवस ठेवून. दोन्ही आकडे शेजारी मांडले की पुढची वाट दिसते. बीओडी सीओडीच्या निम्म्याच्या आसपास असेल तर जिवाणूंवर सोपव. फारच कमी असेल तर आधी रसायनाने फोड, नाहीतर बाष्पीभवनाच्या प्लँटकडे पाठव. हा निर्णय चुकला तर लाखो रुपयांची वीज आणि वाफ जाते. उरल्यासुरल्या माणसावर टाकायचं हे काम नव्हे, आणि तसं टाकल्याचे परिणाम त्या गावांनी भोगले आहेत.

चांगला ईटीपीवाला सकाळी काय करतो ते सांगते, म्हणजे तुला रोजचं काम डोळ्यांपुढे येईल. आधी हवेच्या टाकीपाशी, म्हणजे जिवाणूंना हवा पुरवतात त्या टाकीपाशी, उभं राहायचं. ओल्या मातीसारखा वास आणि चॉकलेटी रंग असेल तर ठीक. काळपट रंग आणि सडक्या अंड्याचा वास म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय. तो लिटरला दोनेक मिलिग्रॅम तरी हवा. मग एक लिटरचा मोजपट्टीचा सिलिंडर टाकीतल्या पाण्याने भरून अर्धा तास हलवायचा नाही. गाळ २५०-३०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत बसला आणि वरचं पाणी नितळ दिसलं, की दिवस बरा जाणार. अर्ध्या तासानेही गाळ ८००वरच तरंगत असेल तर बहुधा तंतूसारखे जिवाणू माजले आहेत. आज तो गाळ क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) ओसंडून बाहेर जाणार, आणि त्याआधी तुला कारण शोधायचं आहे. खाद्य कमी पडलं? रात्री कोणी आम्ल सोडलं? की हवा सोडणारा ब्लोअर बंद होता? बसलेला गाळ म्हणजे मुख्यतः जिवाणूच; त्यातला ठरावीक भाग पुन्हा टाकीत सोडतात, विरजणासाठी दही राखून ठेवावं तसा. तो किती ठेवायचा आणि किती काढून टाकायचा, यावर या कामातलं निम्मं कसब आहे.

एवढ्यावर सगळं संपलं असतं तर मी तुला डोळे मिटून हो म्हटलं असतं. या पेशात एक अवघड गोष्ट आहे आणि कॉलेजात ती फारशी कोणी सांगत नाही. तू काढलेला आकडा कोणाला तरी नको असतो. नदीत सोडायच्या पाण्याला लिटरला बीओडी ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा. तुझा सीओडी ४१० आला, तर कोणीतरी येऊन म्हणेल, "बेन, पुन्हा एकदा टेस्ट करा ना." यात साधं पाणी मिसळून आकडा बसवणारे असतात, आणि नमुना न घेताच रिपोर्ट लिहिणारेही असतात. हे मी ऐकीव सांगत नाही. अहमदाबाद आणि सुरतेच्या ४७३ कारखान्यांवर एक अभ्यास झाला होता, २०१३मध्ये छापून आला. गुजरातेत कारखान्यांचं पर्यावरण ऑडिट बाहेरच्या ऑडिटरकडून होतं. तो कारखान्यानेच निवडायचा आणि पैसेही कारखान्यानेच द्यायचे, अशी पद्धत होती. धुरातल्या कणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम. आणि रिपोर्टांमधले आकडे १५०च्या किंचित खाली दाटीवाटीने बसलेले. मग काही कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठी टाकून नेमून दिले, फी एका सामाईक निधीतून दिली, आणि त्यांच्या मोजमापांची उलटतपासणी केली. ऑडिटर खरं लिहू लागले. आणि खरं लिहिलं जातंय म्हटल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं.

हा अभ्यास माझ्या फार जवळचा आहे, कारण माणसं तीच होती. पैसे कुठून येतात आणि मागून कोणी तपासतं का, एवढंच बदललं होतं. म्हणून तुला सांगते, या क्षेत्रात आलीस तर नोकरी निवडताना पगाराइतकंच हे बघ: लॅबचा माणूस कोणाच्या हाताखाली आहे? प्रॉडक्शन मॅनेजरच्या, की थेट वरच्या साहेबांच्या? आणि ज्या नमुन्याची बाटली भरताना तू समोर नव्हतीस, त्याच्या रिपोर्टवर सही करायची नाही. पहिल्या आठवड्यात हे सौम्यपणे सांगून ठेवलं की पुढे सोपं जातं. दोन वर्षांनी सांगायला गेलं तर भांडण होतं. तू मुळात भिडस्त असशील, कोणाला नाही म्हणता येत नसेल, तर पाणी-मलनिस्सारणाचं डिझाइन किंवा संशोधन बघ. तिथेही उत्तम काम आहे, आणि असा दबाव रोजचा नसतो.

शाखेचं माझं मत स्पष्ट आहे. पदवी रुंद घे, एन्व्हायर्नमेंटल पुढे एम. ई.ला (पदव्युत्तरला) घे. तुझी केमिस्ट्रीची आवड, आणि बडोद्यापासून भरूच-अंकलेश्वरपर्यंतचा केमिकलचा पट्टा पाहता पहिली पसंती एम. एस.चं केमिकल. दुसरी एल. डी.चं एन्व्हायर्नमेंटल, शाखा चांगली आहे, तुझ्या आवडीची आहे, फक्त सरकारी जाहिरात नीट वाचावी लागेल, कारण काही जागांना नुसतं 'सिव्हिल' छापलेलं असतं आणि मग समकक्षतेचे कागद घेऊन फिरावं लागतं. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातच जायचं हे आजच पक्कं असेल तर सिव्हिल पहिलं कर, तिथे बहुतेक जागा सिव्हिलच्या असतात. पुढे एम. ई. आपल्या एम. एस.लाही होते, आणि गेटमध्ये (पदव्युत्तर इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत) २०२१पासून एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर आहे; तो सिव्हिलवाले, केमिकलवाले सगळेच देऊ शकतात. म्हणजे अठराव्या वर्षी दार बंद होत नाही. जेईईत चांगला नंबर लागला तर धनबादची आयआयटी आणि दिल्लीची डीटीयू इथे या शाखेची बी. टेक. आहे, पण त्यासाठी घर सोडायलाच हवं असं नाही.

नोकऱ्या आहेत. कारखान्यांत, अनेक कारखान्यांच्या सामाईक कॉमन प्लँटवर, ईटीपी आणि एसटीपी (शहराच्या मैलापाण्याचे प्लँट) बांधून देणाऱ्या कंपन्यांत, पालिकांत, प्रदूषण मंडळात, नागपूरला नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थेत. सुरुवातीचा पगार तुझ्या कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी असेल, कदाचित बराच कमी. आईला हे लपवू नकोस. घरात कर्ज असेल आणि पहिल्याच वर्षी मोठा पगार लागणार असेल, तर तो विचार आधी करावा लागेल, त्यात कमीपणा काही नाही. आईची घरी बसून कामाची अपेक्षाही अगदीच परकी नाही. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे ठरावीक प्रकारच्या नव्या प्रकल्पांना पर्यावरण परिणामांचे अहवाल लागतात. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना आता पाणी, ऊर्जा, कचरा यांचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा लागतो. हे काम टेबलावरचं आहे. पण ज्याने प्लँटवर बूट झिजवले नाहीत त्याचे अहवाल वाचताना लगेच कळतं, म्हणून पहिली तीन-चार वर्षं साइटवर काढ.

साइटवर मुलींना अडचणी येतात, त्या मुलाखतीतच विचार. प्लँटजवळ स्वच्छतागृह आहे का, सेकंड शिफ्टनंतर गाडी कोण देतं, शिफ्टमध्ये आणखी बायका आहेत का. विचारायला संकोचू नकोस. या प्रश्नांवर जे कपाळाला आठ्या घालतात, त्यांच्याकडे काम न केलेलंच बरं.

आणि एक गोष्ट आत्ताच पाठ कर, पदवीच्या आधी. वर मी वासाबद्दल लिहिलं. सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा नाकाला कळतो. जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. गटारात, बंद टाकीत माणसं मरतात ती अशी, आणि एकाला काढायला उतरलेला दुसराही मरतो. सुरक्षासाधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. इंजिनिअर म्हणून तुझ्या हाताखाली जी माणसं येतील त्यांच्यात बहुतेक सगळे गरीब घरचे, कंत्राटी असतील. गॅस मीटर लावल्याशिवाय, दोरी आणि वर दुसरा माणूस असल्याशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही. साहेब घाई करत असला तरी नाही.

आजीसाठी एक प्रयोग सांगते. तिने हंड्यात तुरटी फिरवलेली असणार, कशी नि किती वेळ ते तिलाच विचार. मग तू किती ते मोज. दहा ग्रॅम तुरटीची पूड एक लिटर पाण्यात विरघळव; त्याच्या एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम तुरटी आली. पावसाळ्यातलं गढूळ पाणी पाच पारदर्शक बरण्यांत एकेक लिटर घे. औषधाच्या सिरिंजने एक, दोन, तीन, पाच, आठ मिलिलिटर घाल. एक मिनिट जोरात ढवळ, मग पंधरा मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास हात लावू नकोस. कोणत्या बरणीत गुठळ्या धरून तळाशी बसल्या, आणि कुठून पुढे जास्त तुरटी घालून काहीच फायदा झाला नाही, ते वहीत लिही. निमेट्याला हेच करतात, सहा जारच्या यंत्रावर.

आणि बाबांबरोबर त्यांच्या कंपनीचा ईटीपी बघून ये. परवानगी काढावी लागेल, ती त्यांनाच काढू दे. रविवारी नको, प्लँट चालू असतानाच जा. त्यानंतर अटलादऱ्याचा एसटीपी पाहता येईल का ते पालिकेत अर्ज देऊन विचार, शाळेच्या लेटरहेडवर दिलास तर बरं. दोन्हीकडे तो सिलिंडर मागून अर्धा तास तिथेच थांब. दोन्ही ठिकाणी पाय निघाला नाही तर केमिकल आणि एन्व्हायर्नमेंटलचा वरचा क्रम ठेव. वासाने आणि आवाजाने नकोसं झालं तर प्रवेशाचे चॉइस लॉक करायच्या आधी क्रम बदल, आणि मला तसं कळव. मग सिव्हिल आणि कॉम्प्युटर यांतलं काय घ्यावं यावर वेगळं बोलू.

तुझी,
ताई